जुन्या डेस्कटॉपचं कमी पैशांतलं अपग्रेड : कोणता पार्ट कशाला बसतो? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पीसी फार हळू चालतो. सगळ्यात आधी काय बदलावं?

आधी घोडं कुठे पेंड खातंय ते बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स टॅबवर जा आणि रोजचं काम करत पाच-दहा मिनिटं आकडे पाहा. डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली आणि मेमरी निम्मी रिकामी असेल, तर एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी चालणारी, चिपांवर साठवणारी वेगवान डिस्क) घ्या. मेमरी ८५-९० टक्के भरलेली असेल, तर रॅम कमी पडते आहे. (अशा वेळी डिस्कही पळताना दिसते, कारण विंडोज उरलेला भार डिस्कवर टाकतं. म्हणून दोन्ही आकडे एकत्र वाचायचे.) दोन्ही निवांत असून प्रोसेसर सतत १०० टक्क्यांवर असेल, तरच प्रोसेसरचा विचार करा.

दहापैकी आठ जुन्या मशिनना पहिली गरज एसएसडीची असते. हार्ड डिस्क एका सेकंदात साधारण शंभरेक विखुरलेल्या फायली शोधू शकते. साधी साटा (डिस्क जोडायची नेहमीची जोडणी) एसएसडी त्याच एका सेकंदात हजारो शोधते. पाच मिनिटांनी उघडणारं विंडोज अर्ध्या मिनिटात उघडतं ते या एका बदलामुळे.

माझ्या पीसीत काय काय आहे, हे कॅबिनेट न उघडता कसं कळेल?

विंडोजची कळ आणि आर दाबा, एमएसइन्फो३२ (इंग्रजीत msinfo32) टाइप करा. प्रोसेसरचं नाव, बायोसची (पीसी सुरू करणारं, बोर्डातलंच सॉफ्टवेअर) तारीख आणि ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’ या ओळीत मदरबोर्डचं मॉडेल मिळतं. त्याहून चांगलं म्हणजे सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर : मेनबोर्ड टॅबमध्ये बोर्डाचं मॉडेल आणि चिपसेट (बोर्डाची मुख्य चिप, जसं एच६१), एसपीडी टॅबमध्ये कोणत्या स्लॉटमध्ये किती जीबीची रॅमची स्टिक आहे तेही दिसतं.

हे मॉडेल कागदावर लिहून घ्या. पुढचा सगळा व्यवहार त्यावरच ठरतो. कोणता पार्ट चालेल हे मदरबोर्ड ठरवतो. दुकानदाराचं ‘चालून जाईल’ याला काही अर्थ नाही. बोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या पानावर ‘सीपीयू सपोर्ट लिस्ट’ असते. तुमचा इच्छित प्रोसेसर त्या यादीत आहे का आणि त्याच्यासमोर बायोसची कोणती आवृत्ती लिहिली आहे, या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

सॉकेट एकच असला तर कुठलाही प्रोसेसर बसतो ना?

सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची बैठक. त्यात तो बसतो, पण चालेलच असं नाही. सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. इंटेलचं गणित असं :

एलजीए ११५५ वर दुसरी आणि तिसरी पिढी (एच६१, बी७५). एलजीए ११५० वर चौथी (एच८१, बी८५). एलजीए ११५१ हे नाव मात्र फसवं आहे. एच११०, बी१५०, बी२५० या बोर्डांवर सहावी आणि सातवी पिढी चालते. एच३१०, बी३६०, बी३६५ वर आठवी आणि नववी. सॉकेटचं नाव तेच, आकार तोच, प्रोसेसर आत बसतोही. पण एच११० बोर्डावर आठव्या पिढीचा आय५-८४०० सुरू होत नाही, कारण पिनांची जोडणी आतून बदललेली आहे. एलजीए १२०० वर दहावी आणि अकरावी पिढी, पण एच४१० आणि बी४६० वर अकरावीची खात्री धरू नका; एच५१० आणि बी५६० दोन्ही पिढ्या घेतात. एलजीए १७०० वर बारावी, तेरावी, चौदावी.

एएमडीचा एएम४ हा बजेट अपग्रेडसाठी सगळ्यात उदार सॉकेट. २०१७ च्या आसपास घेतलेल्या बी३५० किंवा ए३२० बोर्डावर रायझन ३ २२००जी असेल, तर बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसवता येतो : ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॉट. बोर्ड तोच, रॅम तीच. मात्र ५६०० मध्ये अंगचं ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड नसेल तर बोर्डाच्या एचडीएमआयमधून काहीच दिसणार नाही आणि तुम्हाला वाटेल बोर्ड गेला. कार्ड नसेल तर ५६००जी घ्या. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल, जसं आय५-१२४००एफ, तर तिथेही हीच अडचण.

चौथ्या पिढीच्या आय३ वरून आय७ वर जाणं फायद्याचं आहे का?

आय३-४१३० काढून त्याच एच८१ बोर्डावर जुन्या बाजारातला आय५-४५७० टाकणं हा चांगला सौदा आहे : दोनाऐवजी चार खरे कोअर. आय७-४७७० साठी लोक जुन्या मालाचेही चढे भाव मागतात आणि त्या पैशांत मिळणारा फरक बहुतेकांना जाणवत नाही. तेवढे पैसे एसएसडी आणि रॅमवर टाका. आय५-४५९० किंवा आय७-४७९० घेणार असाल तर सुरुवातीच्या एच८१ बोर्डांना आधी बायोस अपडेट लागू शकतं.

बायोस अपडेट कधी करायचं? धोका किती?

नेहमी जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. नवा बसवून स्क्रीन काळी दिसल्यावर पुन्हा जुना लावावा लागतो, आणि तोवर तो विकलेला असतो! हा घोळ अगदी नेहमीचा आहे.

फाइल फक्त बोर्ड कंपनीच्या पानावरून, अगदी त्याच मॉडेलची आणि त्याच रिव्हिजनची घ्या. रिव्हिजन बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेली असते. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून फाइल त्यावर टाका आणि बायोसच्या आतल्या अपडेट सोयीतून चढवा. काम तीन-चार मिनिटांचं असतं, पण तेवढ्यात वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. गावाकडे भारनियमन असेल किंवा पावसाळ्यात वीज ये-जा करत असेल, तर यूपीएसशिवाय हात लावू नका. इन्व्हर्टर असला तरी त्याच्या बदलाच्या क्षणी पीसी बंद पडत नाही ना, हे आधी मेन स्विच पाडून तपासा. ही चाचणी अपडेटच्या आधी, साधा डेस्कटॉप उघडा असताना करायची.

एएम४ बद्दल एक बारकावा : काही बोर्डांवर नवी बायोस चढवली की अगदी जुन्या प्रोसेसरचा आधार निघून जातो. बायोसच्या पानावरची टीप वाचा.

रॅम घेताना फक्त डीडीआर३ की डीडीआर४ एवढंच बघायचं का?

ते तर बघायचंच. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची स्टिक बसतच नाही. जोर लावलात तर स्लॉट तुटेल.

खाच जुळूनही न चालणारे तीन प्रकार आहेत. पहिला, सर्व्हरमधून काढलेली ‘रजिस्टर्ड ईसीसी’ रॅम. दिसायला नेहमीसारखी, भाव निम्मा, पण साध्या डेस्कटॉप बोर्डावर डिस्प्ले येत नाही. ओळखायचं कसं? स्टिकच्या मध्यभागी इतरांपेक्षा वेगळ्या आकाराची एक जास्तीची चिप असते आणि लेबलवर वेगाच्या आकड्याला लागून ‘आर’ अक्षर येतं, जसं १२८००आर. दुसरा प्रकार, ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून ऑनलाइन मिळणारी स्वस्त डीडीआर३. इंटेल बोर्डावर ती चालत नाही.

तिसरा प्रकार कमी लोकांना माहीत असतो. दुसऱ्या ते चौथ्या पिढीच्या इंटेलवर ८ जीबीची स्टिक घेताना तिच्यावरच्या काळ्या चिप मोजा. दोन्ही बाजूंना आठ-आठ, म्हणजे १६ हव्यात. त्या प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर एका चिपमागे ४ गिगाबिटपर्यंतच ओळखतो. १६ चिपच्या ६४ गिगाबिट, म्हणजे ८ बिटांचा एक बाइट धरून बरोबर ८ जीबी. एकाच बाजूला आठच चिप असलेली ८ जीबीची स्टिक नव्या बोर्डावर उत्तम चालते, पण इथे नाही. एच६१ बोर्डाची कमाल मर्यादा १६ जीबी, एच११० ची ३२ जीबी, हेही ध्यानात असू द्या.

वेगळ्या कंपनीची, वेगळ्या वेगाची रॅम एकत्र चालते का?

बहुतेकदा चालते, सगळ्या स्टिक सर्वांत हळू स्टिकच्या वेगाने धावतात. म्हणून बोर्ड २४०० वर अडकणारा असेल तर ३२०० ची स्टिक घेऊन वेग मिळत नाही, पण तीच स्वस्त मिळत असेल तर खुशाल घ्या, ती २४०० वर उतरून चालेल.

एका ८ जीबीपेक्षा ४-४ जीबीच्या दोन स्टिक बऱ्या : त्या ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे दोन वाटांनी एकाच वेळी चालतात आणि अंगच्या ग्राफिक्सवर, विशेषतः २२००जी किंवा ५६००जी वर, फरक डोळ्यांना दिसतो. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा भरायचा. आज ८ जीबीत काम भागत असलं तरी ब्राउझरच्या वीस टॅब आणि एक्सेल एकत्र उघडणाऱ्याने १६ च धरावी. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत; अशा वेळी जुन्या बाजारातली, तपासून घेतलेली डीडीआर४ शहाणपणाची ठरते. रॅम सहसा झिजत नाही : चालते, नाहीतर बिघडलेली असते. मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचे चार पूर्ण फेरे बिनचूक गेले तर निर्धास्त वापरा.

एम.२ स्लॉट आहे. मग एनव्हीएमई एसएसडी घेऊ ना?

एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. त्या स्लॉटमध्ये साटा चालतं, एनव्हीएमई (साटाहून वेगवान जोडणी) चालतं की दोन्ही, हे बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये बघा. साटा एम.२ एसएसडीला सहसा दोन खाचा असतात, वेगवान एनव्हीएमईला एक. काही बोर्डांवर एम.२ भरला की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात आणि माणूस ‘हार्ड डिस्क गायब झाली’ म्हणून घाबरतो. केबल दुसऱ्या पोर्टला लावली की ती परत दिसते.

एम.२ नसेल तर अडीच इंची साटा एसएसडी बिनधास्त घ्या. एच६१ वर साटाचा वेग निम्मा, २८० एमबी प्रति सेकंदाच्या आसपास मिळतो, तरी रोजच्या वापरात ती हार्ड डिस्कला कितीतरी मागे टाकते. चौथ्या पिढीच्या आणि त्याआधीच्या बहुतेक बोर्डांवर अ‍ॅडॉप्टर लावून एनव्हीएमई बसवली तरी तिच्यावरून विंडोज बूट होत नाही. त्या वाटेला जाऊ नका.

विंडोज नव्याने टाकताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. दोन्ही जोडलेल्या असतील तर विंडोज कधी कधी बूटचा भाग जुन्या डिस्कवर लिहितं. सहा महिन्यांनी ती डिस्क काढली की चांगली एसएसडी असूनही पीसी सुरू होत नाही, आणि दोष उगीच एसएसडीला जातो.

कॅबिनेटबरोबर ४५० वॉटचा एसएमपीएस आला आहे. ग्राफिक्स कार्ड चालेल?

एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. त्यावरचा मोठ्या अक्षरांतला ४५० विसरा, स्टिकरवरचा तक्ता वाचा. +१२व्ही या रकान्याखाली अँपिअर लिहिलेले असतात. त्यांना १२ ने गुणा. १६ अँपिअर असतील तर १९२ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड जगतात ते एवढ्यावर. बाकीचे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टच्या ओळींवर दाखवून बेरीज फुगवलेली असते.

आता हिशोब करा. आय५-४५७० चे ८४ वॉट, जीटीएक्स १६५० चे ७५, बोर्ड, पंखे आणि डिस्कला ५० धरा : सुमारे २१० वॉट. वरच्या १९२ मध्ये हे मावत नाही. खेळ सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांत पीसी आपोआप रीस्टार्ट होणं ही त्याची ठरलेली खूण. रायझन ५ ५६०० बरोबर आरएक्स ६६०० घेतलं, तर कार्डाचे १३२ धरून एकूण २५० च्या घरात जातं. तिथे ८० प्लस ब्रॉन्झ (कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र) असलेला ४५० ते ५५० वॉटचा खरा एसएमपीएस हवा. बजेट कितीही ताणलेलं असो, इथे काटकसर करू नका. भिकार एसएमपीएस जाताना एकटा जात नाही, बोर्ड आणि डिस्कही घेऊन जातो.

कार्डाला लागणारी ८ पिनी जोडणी एसएमपीएसवर नसली की दुकानात साटा पॉवरपासून बनवलेलं कन्व्हर्टर देतात. ते घेऊ नका. साटा पॉवरच्या १२ व्होल्टच्या तीन पिना प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे सगळे मिळून ५४ वॉट. त्यावर १५० वॉटपर्यंत ओढण्यासाठी बनलेली जोडणी लावली की प्लास्टिक वितळतं.

मग कमी वॉटमध्ये कोणतं कार्ड घ्यावं?

बोर्डावरच्या कार्डाच्या स्लॉटमधून ७५ वॉटपर्यंत वीज मिळते, तेवढ्यात चालणारी कार्डं शोधा. जीटीएक्स १६५० (काही मॉडेलना ६ पिनी केबल लागते, तपासून घ्या) किंवा २०२४ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं ७० वॉटचं मॉडेल. आरएक्स ६४०० फक्त ५३ वॉट खातं, पण ते चारच लेनवर (डेटाच्या वाटांवर) चालतं. पीसीआयई ३ (कार्डाच्या स्लॉटची आधीची पिढी) च्या जुन्या बोर्डात त्याचा वेग बराच पडतो. जीटी १०३० ची डीडीआर४ आवृत्ती जीडीडीआर५ आवृत्तीपेक्षा खूपच हळू आहे, खोक्यावर नीट बघा. जीटी ७१० खेळांसाठी घेऊच नका.

आणि आय३-२१०० शेजारी आरएक्स ६६०० बसवणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. शिवाय फक्त लेगसी (जुन्या पद्धतीची) बायोस असलेल्या जुन्या बोर्डांवर नवी कार्डं कधी कधी डिस्प्लेच देत नाहीत.

लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन मिळणारं रिफर्बिश्ड ऑफिस मशिन घेऊन अपग्रेड करू का?

डेल, एचपी, लेनोवोची ही मशिन मजबूत असतात. घेताना टॉवर घ्या, चपटं छोटं मॉडेल नको. छोट्यात फक्त लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं कार्ड बसतं. अनेक मॉडेलमध्ये मदरबोर्डची पॉवर जोडणी नेहमीच्या २४ पिनांऐवजी कंपनीची स्वतःची ६ किंवा ८ पिनांची असते, त्यामुळे बाजारातला एसएमपीएस थेट लागत नाही. पंखा आणि पुढच्या पॅनलच्या वायरीही वेगळ्या. म्हणून बोर्ड गेला की कॅबिनेटही गेल्यात जमा. रॅम, एसएसडी आणि ७५ वॉटच्या आतलं कार्ड, एवढ्यावर थांबायचं असेल तर घ्या.

जुन्या एसएमपीएसच्या पाठीमागे लाल स्विच असेल तर तो २३० वरच आहे ना, हे प्लग लावण्याआधी पाहा. परदेशातून आलेल्या मालात तो कधी कधी ११५ वर असतो आणि आपल्या विजेवर क्षणात फटाका होतो.

विंडोज ११ साठी काय लागतं?

इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० पासून पुढे (२२००जी आणि २४००जी मात्र यादीत नाहीत), टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (बायोसमधली सुरक्षित सुरुवातीची सोय). विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे आज सातव्या पिढीच्या बोर्डासाठी महाग प्रोसेसर शोधणं पटत नाही. चौथ्या पिढीचं मशिन ब्राउझिंग, टायपिंग आणि मुलांच्या अभ्यासासाठी असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाका. ८ जीबी रॅम आणि एसएसडीवर ते छान चालतं. अपग्रेडचा खर्च आठव्या पिढीच्या रिफर्बिश्ड मशिनच्या निम्म्यावर जात असेल, तर ते मशिनच घ्या.

प्रोसेसर बदलताना काय सांभाळावं?

एएम४ च्या प्रोसेसरला खाली पिना असतात आणि वाळलेली पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला, उष्णता नेणारा लेप) त्याला कूलरला घट्ट चिकटवते. कूलर सरळ वर ओढलात तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं पीसी चालवून पेस्ट गरम होऊ द्या, बंद करून प्लग काढा, मग कूलर डावी-उजवीकडे हळूहळू पिळून सैल करा. इंटेलमध्ये पिना सॉकेटमध्ये असतात. तिथे बोटही लावू नका. नवी पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. एलजीए ११५० चा कूलर एलजीए १२०० वर बसतो, १७०० वर नाही. भोकांमधलं अंतर ७५ वरून ७८ मिलिमीटर झालं आहे.

अमेरिकेहून नातेवाईक येत आहेत, पार्ट मागवू का?

वॉरंटी अनेकदा देशापुरती असते. एसएसडी किंवा रॅमसारखी क्वचित बिघडणारी वस्तू मागवायला हरकत नाही. ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस इथेच, जीएसटी बिलावर घ्या आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या.

हेच नियम लॅपटॉपला लागू होतात का?

अंशतः. रॅम सोडिम (आखूड पट्टीच्या) प्रकारची लागते, आणि अनेक पातळ मॉडेलमध्ये ती बोर्डावर पक्की डकवलेली असते. मॉडेल नंबरावरून आधी खात्री करा.

नवी रॅम लावली आणि डिस्प्लेच येत नाही. आता?

प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा. दोन्ही स्टिक बाहेर काढा, सोनेरी पट्ट्या स्वच्छ पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, कण झटका. कोकणातल्या दमट हवेत त्या पट्ट्यांवर थर बसतो आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मग एकच स्टिक, दुसऱ्या स्लॉटमध्ये, दोन्ही टोकांना ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. एकच टोक बसलेलं असणं ही फार नेहमीची चूक. तरीही काळी स्क्रीन असेल तर बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं काढून परत लावा, म्हणजे बायोसची जुनी सेटिंग पुसली जातात. पुन्हा सुरू केल्यावर एक-दोन मिनिटं थांबा, नवी रॅम ओळखायला काही बोर्ड वेळ घेतात आणि मध्येच एकदा बंद होऊन सुरू होतात. एवढं करूनही जुन्या स्टिकवर पीसी चालत असेल आणि नव्या स्टिकवर नाही, तर ती परत करा आणि बदली घेताना वर सांगितल्याप्रमाणे चिप मोजा.